अठ्ठावन्न लाख लिटर

म्हैसूर, ६ जानेवारी २०१२

चि. नंजुंडय्या यास आशीर्वाद.

फोन करून काही उपयोग नाही. बावीस वर्षं त्या यंत्रांच्या घरघरीत उभं राहून तुझा एक कान गेला आणि दुसरा जायच्या वाटेवर आहे. मी काहीतरी विचारते, तू ‘जेवलो, जेवलो’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून लिहितेय. पत्राला तरी उत्तर द्यावं लागतं.

आमच्या शिक्षक गृहनिर्माण संघाने तुमच्या हिरेकट्ट्यात जमीन घेतली, त्याला यंदा चौदा वर्षं होतील. तेव्हा मी तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होते आणि तुझे भावजी मैदानावर दोनशे मुलांना कवायत करायला लावत होते. दोनशे बारा सभासद होतो. त्यातले एकतीस वारले. मी संघाची चिटणीस, म्हणजे माझं मुख्य काम वारसांची नावं लावणं.

गेल्या मंगळवारी नगरपालिकेचं पत्र आलं. मैलाशुद्धीकरण केंद्राची क्षमता दिवसाला साठ लाख लिटर. रोज येणारं मैलापाणी अठ्ठावन्न लाख. उरलेले दोन लाख एका बिल्डरच्या मंजूर इमारतींसाठी राखलेले. सबब आपल्या वसाहतीस गटारजोडणी देता येत नाही. सोबत पुरावा म्हणून केंद्राच्या नोंदवहीची झेरॉक्स. खाली सही: नंजुंडय्या, पर्यवेक्षक. मी चौदा वर्षं कचेऱ्यांशी भांडतेय, आणि वाटेत आडवा उभा असलेला माणूस माझ्या मामाचा मुलगा निघाला.

ह्यांना अर्धांगाचा झटका आल्यापासून आम्ही इथे दवाखान्याजवळ भाड्याने राहतोय, पहिल्या मजल्यावर. बावीस पायऱ्या. ऑक्टोबरपासून हे खाली उतरलेले नाहीत. दिवसभर खिडकीत बसतात आणि रस्त्याने जाणाऱ्यांना ‘पाठ ताठ’ म्हणून ओरडतात. तिकडे आमच्या वसाहतीत, मास्तर लेआउटमध्ये, आमचं घर तयार आहे. दारं लागली, खिडक्या लागल्या, संडास बसवले. फक्त त्यातून निघालेलं कुठे जाणार, ते ठरायचंय.

तर माझं एक काम कर. अठ्ठावन्नच्या जागी पंचावन्न लिहायला लाग. तुझं काय जातं? तुझ्या जयशीलाला विचारलं म्हणून सांग.

तुझी,
दाक्षायणी अक्का


हिरेकट्टे, १९ जानेवारी २०१२

ती. अक्कास नंजूचा नमस्कार.

पत्र पोचलं. भावजींची तब्येत वाचून वाईट वाटलं. शेजारच्या शिवण्णाच्या हाती मंड्याचा गूळ पाठवलाय, त्यांना गरम दुधात घालून दे. ह्या वर्षी वालपापडी चांगली आलीय, आमच्याकडे रोज वालाचं सार आणि नाचणीच्या उकडीचे गोळे चालू आहेत. जयशीला तुझी आठवण काढते.

जोडणीचं म्हणशील, तर केंद्र भरलेलं आहे असं कागद म्हणतो. कागदावर माझी सही आहे हे खरं, पण मी काही साहेब नाही. मी पंप चालू करतो, बंद करतो, गाळ काढून घेतो आणि वही लिहितो. त्या वहीवर वर कोण काय ठरवतं, त्यात मी कधी पडलो नाही. आणि एकदम पंचावन्न लिहिलं तर विचारतील, तीन लाख लिटर कुठे गेलं म्हणून. मग मी काय सांगू, माझ्या अक्काला घर हवंय म्हणून?

तुम्ही प्रत्येक घराला शोषखड्डा का काढत नाही? बऱ्याच लेआउटमध्ये तसंच चालतं. सुशीलम्मा टीचर आणि आणखी आठ घरं खड्डे काढून तिथे राहायला आलीच आहेत की. महिन्यातून एकदा टँकर येतो, ओढून नेतो. जोडणीच्या मागे लागू नकोस. सगळ्याच गोष्टींच्या मुळाशी जायचं नसतं, अक्का.

नंजू


म्हैसूर, २७ जानेवारी २०१२

नंजू,

गूळ मिळाला. उत्तर मिळालं नाही.

दोनशे घरांनी त्या खडकात खड्डे काढायचे तर सुरुंग लावावे लागतील, हे तुलाही माहीत आहे. आणि टँकर नेतो कुठे, ते मी विचारत नाही, कारण तू त्यावरही वालपापडीबद्दल लिहिशील.

झेरॉक्सचं पान परत काढून बघितलं. महिनाभर रोज अठ्ठावन्न लाख. नगरपालिकेचं पत्र आलं त्याच दिवशी माहितीच्या अधिकारात गेल्या पूर्ण वर्षाची वही मागवली होती, तीही आली. पावसाळ्यात अठ्ठावन्न. उन्हाळ्यात अठ्ठावन्न. दिवाळीत, जेव्हा सगळं गाव तेल लावून बंब भरभरून आंघोळ करतं, तेव्हा अठ्ठावन्न. मार्चमध्ये पाण्याची मोठी लाइन फुटून तीन दिवस गावाला थेंबभर पाणी नव्हतं, त्या तीन दिवसांतही अठ्ठावन्न. काय वापरत होती माणसं, ताक?

मी एकतीस वर्षं मुलांच्या प्रयोगवह्या तपासल्या. ज्याने प्रयोग केला त्याचे आकडे वाकडेतिकडे येतात. ज्याने शेजारच्याचं बघून लिहिलं त्याचे सरळ येतात. तुझी वही फारच सरळ आहे.

गाळलेलं काय ते लिही. आणि सहीच्या वर लिही, खाली नको, म्हणजे ते तुझंच राहील.

अक्का


हिरेकट्टे, ११ फेब्रुवारी २०१२

ती. अक्कास,

हे पत्र वाचून जाळून टाक.

केंद्रावर पाणी मोजायचं यंत्र होतं. सहा वर्षांपूर्वी त्यावर वीज पडली आणि ते बंद झालं. मी वरती पत्र लिहिलं. उत्तर नाही. परत लिहिलं. अशी एकोणीस पत्रं लिहिली. तेव्हाचे इंजिनिअर एक दिवस गाडीतून उतरले आणि म्हणाले, “नंजुंडय्या, वही कोरी ठेवू नका.” मी विचारलं, “साहेब, काय लिहू?” ते म्हणाले, “केंद्र केवढ्याचं?” मी म्हणालो, “साठ.” “मग अठ्ठावन्न लिहा. साठच्या वर लिहिलंत तर केंद्र लहान पडलं म्हणून माझ्या मागे लागतील. चाळीस लिहिलंत तर एवढं मोठं कशाला बांधलं म्हणून लागतील. अठ्ठावन्नला कोणी काही विचारत नाही.” आणि खरंच, सहा वर्षांत कोणी विचारलं नाही. तू पहिली.

ते इंजिनिअर बदलून गेले. सांगितलं ते तोंडी. सह्या माझ्या.

रोज खरं किती येतं, मला माहीत नाही. मी एकतीस ऑगस्टला निवृत्त होतोय. साडेसहा महिने राहिले. ह्या साडेसहा महिन्यांत काही उघडं पडलं तर पेन्शन अडकेल आणि ह्या वयात लोक तोंडावर खोटारडा म्हणतील. तू मला एका खोट्याच्या जागी दुसरं लिहायला सांगितलंस तेव्हा मला हसूही आलं आणि रडूही.

जाळून टाक, अक्का.

नंजू


म्हैसूर, १६ फेब्रुवारी २०१२

चि. नंजू,

जाळलेलं नाही. रव्याच्या डब्यात आहे, तिथे कोणी जात नाही.

पंचावन्न लिही म्हणाले ती माझी चूक. ह्यांना वाचून दाखवलं तर अर्ध्या तोंडाने का होईना, पण मोठ्याने हसले. म्हणाले, “तुझ्या वर्गात असतीस तर तू स्वतःला बाकावर उभं केलं असतंस.”

पण सहा वर्षांत एकदाही तुला वाटलं नाही की बघावं तरी, किती पाणी येतंय? यंत्र मेलं म्हणून पाणी मोजता येत नाही असं कोणी सांगितलं तुला? ऐक. पाणी आत येतं तो उघडा पाट आहे ना, सिमेंटचा, सरळ? त्याची रुंदी टेपने मोज. दहा मीटरवर खडूच्या दोन खुणा कर. लिंबू सोड आणि एका खुणेपासून दुसरीपर्यंत किती सेकंद लागतात ते घड्याळात बघ. पाण्याची खोली पट्टीने मोज. वर पाणी जोरात जातं, तळाशी कमी, म्हणून वेगातून पंधरा टक्के वजा कर. रुंदी, खोली, वेग, तिन्हींचा गुणाकार. आठवीचा प्रयोग आहे. दर तासाला कर, रात्रपाळीच्या माणसालाही शिकव. निदान आठवडाभर.

नोंदवहीत लिहू नकोस. वेगळी वही कर.

तू माझ्याहून आठ वर्षांनी मोठा असतास तर आपल्या घरच्यांनी मला तुझ्या गळ्यात बांधलं असतं, आणि ही वही गेल्या सहा वर्षांत अशी राहिली नसती. जयशीलाला वाचून दाखव, ती हसेल.

अक्का


हिरेकट्टे, ४ मार्च २०१२

ती. अक्कास सा. न.

तू सांगितलंस तसं केलं. पाट साठ सेंटिमीटर रुंद. पहिल्या दिवशी सहा लिंबं वाया गेली, कारण माझ्या हाताखालच्या रंगस्वामीने ती पुढच्या जाळीपाशी अडकलेली पाहिली आणि केंद्रावर कोणीतरी करणी केली म्हणून दिवसभर आत यायला तयार होईना. मग त्याला समजावलं, आता तोच सगळ्यात बारकाईने मोजतो.

नऊ दिवस मोजलं. सकाळी सात ते नऊ जास्त, दुपारी कमी, रविवारी उशिरा चढतं. सगळं मिळवून दिवसाला कधी अडतीस लाख, कधी एकेचाळीस. सरासरी एकोणचाळीस.

आधी वाटलं माझं चुकतंय. तीनदा परत केलं. खोली कशीबशी पंधरा सेंटिमीटर, वीतभरही नाही. साठ लाखांच्या केंद्रात एकोणचाळीसच येतंय, अक्का. एकवीस लाखांची जागा आहे. तुमच्या दोनशे घरांना रोज सव्वा लाख पुरे. तुमच्यासारखी पंधरा लेआउटं मावतील.

आकडे वेगळ्या कागदावर नीट उतरवून सही करून पाठवतोय. तुला हवा तिथे दाखव, फक्त ऑगस्ट होऊ दे. भावजींना सांग, सामान बांधायला लागा. खूप दिवसांनी काहीतरी स्वतः केल्यासारखं वाटलं.

नंजू


म्हैसूर, ९ मार्च २०१२

चि. नंजू,

कागद मिळाला. सुरेख केलंस. तासातासाचे आकडे बघून डोळे भरून आले, वाकडेतिकडे, अगदी खरे.

दोन दिवस आम्ही दोघं नुसते खूश होतो. ह्यांनी तर कुठल्या खिडकीत खुर्ची ठेवायची तेही ठरवलं. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना माझ्या डोक्यात एक किडा शिरला आणि तो काही निघेना. तुमच्या गावाला रोज पाणी किती सोडतात? नगरपालिकेच्याच अहवालात आहे, पंच्याऐंशी लाख लिटर. वापरलेल्या पाण्यातलं शंभरातलं ऐंशी गटारात जातं, हे पुस्तकातलं गणित. म्हणजे अडुसष्ट लाख. तुझ्याकडे पोचतं एकोणचाळीस.

मधले एकोणतीस लाख लिटर कुठे जातात?

तू आणखी एकदा मला म्हणशील की सगळ्याच्या मुळाशी जायचं नसतं. मलाही जायचं नव्हतं. पण पाणी हवेत उडत नाही. तुला गावातल्या गटारांची झाकणं तोंडपाठ आहेत. एकदा लाइनीवरून चालत जाऊन बघ आणि मला काहीतरी साधं कारण कळव, म्हणजे मी सामान बांधेन.

अक्का


हिरेकट्टे, २ एप्रिल २०१२

ती. अक्कास,

उशीर झाला. लिहावं की नाही हे ठरत नव्हतं. जयशीला म्हणाली, तिला आज ना उद्या कळेलच, तुमच्याकडून कळू दे.

रोज कामावरून सुटल्यावर मी आणि रंगस्वामी एकेक झाकण उचलत गेलो. बाजारपेठेपर्यंत पाइप गच्च भरून वाहतो. जुन्या भातगिरणीच्या मागच्या झाकणापाशीही भरलेला. त्याच्या पुढचं झाकण उघडलं तर तळाला जेमतेम धार. मधला पाइप खचलाय. केव्हा खचला देवाला ठाऊक, वर घाणेरीचं रान माजलंय. तिथून मैलापाणी वर उफाळतं आणि शेजारच्या पावसाळी नाल्यात उतरतं.

तो नाला तुला माहीत आहे. मास्तर लेआउटच्या पूर्वेच्या कडेने जातो आणि तळ्याला मिळतो. तुमच्या संघाने माहितीपत्रकात त्यालाच ‘बारमाही ओढा’ म्हटलं होतं. तुमच्या चारही बोअरवेल त्याच्या काठाला आहेत. तुझ्या घराच्या मागच्या दारापासून तो तीस पावलांवर आहे, मी मोजून आलो.

हेही सही करून वेगळ्या कागदावर देतोय. पाइप दुरुस्त केला तर ते एकोणतीस लाख आमच्याकडे येणार. एकोणचाळीस आणि एकोणतीस मिळून अडुसष्ट. केंद्र साठचं. मग तुम्हालाच काय, कोणालाच जोडणी नाही, केंद्र वाढेपर्यंत. आणि पाइप असाच राहिला तर तुमच्यासाठी जागाच जागा.

दोन्ही कागद तुझ्याकडे आहेत. तुला काय करायचं ते कर. फक्त एकतीस ऑगस्टपर्यंत थांब, एवढंच मागतो.

नंजू


म्हैसूर, ७ एप्रिल २०१२

नंजू,

फेब्रुवारीत लेआउटमधल्या तीन घरांत कावीळ झाली. सुशीलम्मा तीन आठवडे इथल्या दवाखान्यात होती, मी तिला डबा नेऊन देत होते. सगळ्यांनी एका लग्नातल्या जेवणावर खापर फोडलं. मीही फोडलं. ती नऊ घरं आजही त्याच बोअरवेलचं पाणी पितायत.

आणि तू म्हणतोस ऑगस्टपर्यंत थांब. पाच महिने. ते मी त्यांना कसं सांगू, की अजून पाच महिने प्या, माझ्या मामेभावाची नोकरी संपायचीय?

तुझा राग येतोय आणि तुझी दयाही येतेय, आणि दोन्हींचा मला कंटाळा आलाय. चौदा वर्षं ज्या कागदाची वाट बघितली तो माझ्या हातात आहे. पहिला पुढे केला तर महिन्याभरात जोडणी मिळेल. दुसरा पुढे केला तर ह्या जन्मात मिळेल की नाही सांगता येत नाही. हे रोज विचारतात, कधी जायचं. मी म्हणते, बघू.

आता काही लिहू नकोस. मला विचार करू दे.

अक्का


हिरेकट्टे, २१ मे २०१२

ती. अक्कास,

तू लिहू नकोस म्हणालीस म्हणून सहा आठवडे लिहिलं नाही. तुझंही काही आलं नाही. मी समजलो. घर कोणाला नको असतं? भावजींच्या पायऱ्या मला दिसतात. तू पहिला कागद दिलास आणि दुसरा डब्यात ठेवलास, म्हणून गप्प आहेस, असं मी धरून चाललो. ह्याचा तुला दोष देत नाही, खरंच देत नाही.

पण मी रोज सकाळी त्या लेआउटवरून सायकलने जातो. परवा सुशीलम्मा टीचर नळाखाली घागर लावून उभ्या होत्या. अजून पिवळ्याच दिसतात. मला म्हणाल्या, “नंजुंडय्या, थांबा, पाणी प्या, ऊन किती आहे.” पेला पुढे केला. मला नाहीही म्हणता येईना आणि घेताही येईना. मी ऐकू न आल्याचं सोंग केलं आणि पुढे गेलो.

त्याच दिवशी दुपारी दोन्ही कागदांच्या प्रती आणि सहा वर्षांच्या वहीबद्दल एक अर्ज लिहून आयुक्तांच्या टेबलावर ठेवून आलो. मीच लिहिलं, मीच सही केली. तुझी जोडणी आता मिळणार नाही. ते माझ्यामुळे झालं. रागव, पण बोलणं सोडू नकोस.

नंजू


म्हैसूर, २९ मे २०१२

मूर्खा,

तुझं पत्र वाचलं. सहा आठवड्यांत मी काय करत होते ते तुला सांगायचं टाळलं, कारण तुझं नाव कुठेही येऊ नये म्हणून धडपडत होते, आणि तू स्वतःच जाऊन ते टेबलावर ठेवून आलास.

मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या प्रयोगशाळेत चारही बोअरवेलचं पाणी तपासून घेतलं. पिण्यालायक नाही, लेखी आलं. वीस मेला संघाची सभा बोलावली. अहवाल वाचला. मग म्हटलं, चला. पन्नासेक मास्तर-मास्तरणींना घेऊन भातगिरणीमागे गेले, दोन मजूर लावून झाकण उघडलं आणि सांगितलं, बघा. नाकाला पदर लावून सगळ्यांनी बघितलं. तुझा शब्दही काढला नाही.

पुट्टमादय्या हेडमास्तर आमचे अध्यक्ष, त्यांनी मला बाजूला घेतलं. “दाक्षायणम्मा, बोअरवेल बंद करू, टँकरचं पाणी आणू. पण ह्या पाइपाची वाच्यता कशाला? आधी जोडणी घेऊ, मग आपणच तक्रार करू.”

मी म्हटलं, “मग केंद्र उतू जाईल आणि आपलं मैलापाणीही दुसऱ्या कोणाच्या मागच्या दारी जाईल.”

“दुसरा कोण ते आपल्याला कुठे माहीत आहे?” असं म्हणाले. एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस.

पाइपाची तक्रार आधी जोडणी घेऊनच करायची का, यावर मतदान झालं. एकशे सात विरुद्ध एकोणचाळीस. मी आता चिटणीस नाही. मल्लिकार्जुन मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, “हिला स्वतःला घर नकोय, आमचंही होऊ देणार नाही.” त्यांच्या बायकोच्या वारसाचा अर्ज मीच लिहून दिला होता.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. म्हणाले, “तळमजल्यावरची जागा बघ. भाड्याचीच.” आठवड्यात मिळाली, ह्याच गल्लीत. एवढं साधं मला इतके महिने सुचलं नाही, कारण माझं सगळं डोकं त्या लेआउटमध्ये होतं.

आता ऐक. चौकशी लागेल. एकही उत्तर स्वतःच्या मनाने लिहू नकोस. नोटीस आली की मला पाठव, मी मसुदा करून देते. आणि त्या एकोणीस पत्रांच्या प्रती आहेत का तुझ्याकडे? पोच घेतली होतीस का?

अक्का


चामराजनगरजवळून, १४ सप्टेंबर २०१२

ती. अक्कास सा. न.

काल निकाल आला. सतरा पत्रांवर आवक विभागाचा शिक्का होता, त्यानेच वाचवलं. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, “अठ्ठावन्न लिहायला कोणी सांगितलं?” मी नाव सांगितलं. त्यांनी विचारलं, “लेखी आहे का?” मी नाही म्हणालो. त्यांनी ते लिहूनच घेतलं नाही. पण तू मसुद्यात घातलेलं वाक्य, की सहा वर्षं सतरा पत्रांना उत्तर न देणाऱ्यांनाही वही दिसत होती, ते त्यांनी दोनदा वाचलं. ठपका ठेवलाय, पेन्शन अडवलेली नाही.

निरोप समारंभ झाला नाही. चौकशी चालू असताना कसा करणार? रंगस्वामीने मोसंब्यांची पिशवी दिली, एवढंच.

पाइप जुलैत बदलला. ज्या सकाळी पाणी वळवलं त्या सकाळी पाट काठोकाठ भरून आला. मी निघेपर्यंत रोज पासष्ट, सहासष्ट, एकदा एकोणसत्तर. सगळी यंत्रं एकदम लावली तरी सकाळी टाक्यांवर फेस चढतो. केंद्र वाढवायचा प्रस्ताव बंगळूरला गेलाय म्हणतात. त्या बिल्डरच्या इमारती मात्र उभ्या राहतायत, त्यांचे दोन लाख मंजूरच आहेत.

आम्ही चामराजनगरकडे जयशीलाच्या माहेरगावी आलोय. इथे काही आवाज नाही. मला वाटलं होतं, शांत बसेन. पण बावीस वर्षं मैल्याचा वास आणि घरघर होती, आता सकाळी उठून काय करायचं ते कळत नाही. तरी सांगून ठेवतो, त्या वासाजवळ परत जाणार नाही. अंगाला येत होता, नातीने कधी मांडीवर बसू दिलं नाही.

नंजू


म्हैसूर, ३ नोव्हेंबर २०१२

चि. नंजू,

तुझी ती शपथ वाचली. आता हे वाच.

सुशीलम्माने पुढाकार घेतला. माझ्या बाजूचे एकोणचाळीस होते, त्यांच्या घरी एकेक करून गेली. म्हणाली, नगरपालिकेचं केंद्र वाढेपर्यंत आपल्यातले निम्मे नसतील, आपलं मैलापाणी आपणच स्वच्छ करू. लहानशी टाकी, पुढे खडी-वाळूचे वाफे, त्यात कर्दळ. तू एकदा गप्पांत सांगितलं होतंस की तीनशे घरांपर्यंत हे चालतं. बाहेर येईल ते पाणी झाडांना.

जागा कोणती? लेआउटमध्ये एकच मोकळा भूखंड उरलाय, आणि पुट्टमादय्यांनी तो वाचनालयासाठी धरून ठेवलाय, दारावर त्यांच्या वडिलांचं नाव. चार सभा झाल्या. प्रत्येक सभेत त्यांनी वाचनसंस्कृतीवर भाषण केलं. शेवटी चौथ्या सभेत हे बोलले. हो, मी ह्यांना रिक्षाने घेऊन गेले होते. शब्द जड येतात अजून. म्हणाले, “हेडमास्तर, वाचायला बसलेला माणूस उठून कुठे जाणार?” सगळे हसले. मत घेतलं. अठ्ठ्याण्णव विरुद्ध पन्नास, आमच्या बाजूने. काही जण माझ्याशी अजून बोलत नाहीत. बावीस जणांनी भूखंड परत करून नावं काढून घेतली, मल्लिकार्जुन मास्तरही त्यातच. त्याचं वाईट वाटतं.

प्रदूषण मंडळाची मंजुरी मागितली आहे. त्यांना केंद्र चालवणाऱ्या जाणत्या माणसाचं नाव हवंय. रकाना कोरा आहे. तुला यायचं नसेल तर नाही म्हण, मी रागावणार नाही. आराखडा मात्र बघून दे. निवृत्त ड्रॉइंग मास्तर आणि गणिताचे दोन मास्तर ह्यांनी मिळून काढलाय. त्यांना त्याचा फार अभिमान आहे. बारा तारखेच्या सोमवारी खोदकाम सुरू करायचं म्हणतात.

अक्का


९ नोव्हेंबर २०१२

ती. अक्कास,

आराखडा बघितला. जयशीलाही बघून गेली आणि माझी ट्रंक काढायला लागली.

रंग सुंदर भरलेत. कर्दळीला फुलंही काढलीत. पण टाकी भूखंडाच्या वरच्या अंगाला घेतलीय आणि घरांकडून येणारी लाइन खालच्या. तीन मास्तरांपैकी एकालाही दिसलं नाही? पाणी चढत नाही, अक्का. तू तरी बघायचं होतंस, तू विज्ञानाची. वाफ्यांचा उतार नाल्याकडे काढलाय, म्हणजे पहिल्याच पावसात सगळं परत त्यातच. गाळ काढायला माणूस उतरणार कुठून, त्याची जागाच नाही. बहुतेक त्यांना वाटतं गाळ लाजून स्वतःच निघून जातो. आणि टाकीत येणारं पाणी मोजायला पाट कुठे आहे? तो सरळ हवा, दहा मीटर, सिमेंटचा, उघडा, आणि तो मी माझ्या डोळ्यांसमोर बांधून घेणार.

आजचं पत्र तुला सोमवारच्या आत मिळेल की नाही माहीत नाही, म्हणून जयशीलाच्या भावाला तुला फोन करायला सांगतोय. मी रविवारी दुपारच्या बसने हिरेकट्ट्याला येतोय. रकान्यात काय लिहायचं ते तिथे बघू. तोवर कोणालाही कुदळ लावू देऊ नकोस. गणिताच्या मास्तरांना तर अजिबात नाही.

नंजू